आम्ही पाहिलेले नेपाळ : लुंबिनी, कपिलवस्तू आणि काठमांडू
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही बोलावयास उभे आहोत. आम्ही म्हणजे एकटा माणूस नव्हे. मागच्या माघ पौर्णिमेनंतर आपल्या विहारातून नेपाळला जी ३२ माणसे गेली, त्या सर्वांच्या वतीने बोलण्याचे काम समितीने आमच्यावर टाकले आहे. तेव्हा जे चांगले सांगू ते सर्वांचे, आणि जिथे चुकलो तेही सर्वांचेच.

नेपाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फाचे डोंगर येतात. आमच्यातल्या आज्यांनी तर दोन-दोन स्वेटर, कानटोप्या, बाम, सगळे बांधून घेतले होते. भगवंतांचा जन्म हिमालयात झाला अशीच पुष्कळांची समजूत. कुर्ल्याहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून गाडीने सोनौलीची सरहद्द, पलीकडे भैरहवा आणि मग पश्चिमेला लुंबिनी. एवढे सगळे गेलो तरी डोंगर काही दिसेना! दोन्ही बाजूंना सपाट शेते, मोहरीची पिवळी फुले, सारस पक्षी आणि सकाळचे दाट धुके. एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपल्या गावासारखंच आहे की!" त्यांचे म्हणणे खरे आहे. देश डोंगरांचा असला तरी शाक्यांचा मुलूख पायथ्याच्या सपाटीवरचा, तराईतला. शाक्य हे शेती करणारे लोक होते. शुद्धोदनाच्या घरी नांगरणीचा सण व्हायचा ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती ती जमीन पाहिल्यावर पटते.

लुंबिनीत आम्ही पहाटेच पोहोचलो. चपला बाहेर काढून मायादेवी मंदिरात गेलो. आजची पांढरी इमारत २००३ साली झाली. आत विटांचे जुने पाये आहेत, त्यांच्यावरून लाकडी पुलासारखा रस्ता केलेला आहे. रांगेने पुढे सरकत गेलो की खाली काचेखाली एक दगड दिसतो. जन्माची नेमकी जागा दाखवणारा तो दगड म्हणून मानतात. १९९० नंतरच्या उत्खननात तो मिळाला. वरच्या बाजूला झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या महामायेचे शिल्प आहे, झिजून गेलेले. झिजणारच, कारण गावच्या बाया शेकडो वर्षे त्याला रुम्मिनदेई नावाची देवी समजून पूजा करीत होत्या. बुद्धाचे नाव विसरले, पण लुंबिनीचे नाव 'रुम्मिन' होऊन तोंडात राहिले. आत फोटो काढू देत नाहीत. आमच्या तरुण पोरांची त्यामुळे थोडी निराशा झाली, परंतु त्यामुळेच सगळे शांत उभे राहिले असेही आम्हांला वाटते.

मंदिराच्या मागे सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. लोखंडी कठड्याच्या आत. १८९६ साली खड्गशमशेर राणा आणि फ्यूरर यांच्यामुळे तो जगासमोर आला. त्यावर ब्राह्मी लिपीत पाच ओळी आहेत. आपल्या विहारात रविवारच्या वर्गात भन्तेजींनी मुलांना ब्राह्मीची अक्षरे शिकवली होती, तेव्हा आपल्यातल्या काही पालकांनी 'याचा परीक्षेला काय उपयोग' असे म्हटले होते. आम्हीही त्यांच्यातच होतो, कबूल करतो. पण त्या कठड्याला धरून सातवीतली एक मुलगी अक्षर-अक्षर जुळवू लागली आणि 'बु' आणि 'ध' तिला सापडले, पुढे 'साक्यमुनी' सापडले, तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. तिच्याभोवती श्रीलंकेचे यात्रेकरू गोळा झाले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या पाच ओळींत काय आहे? राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, त्याने पूजा केली, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून दगडी स्तंभ उभारला. आणि शेवटची गोष्ट ही की लुंबिनी गावाला बली नावाच्या करातून सोडले आणि उत्पन्नाचा आठवा भाग एवढाच सारा ठेवला. बंधूंनो, इथे आम्हांला थांबून सांगावेसे वाटते. राजे लोक देवळाला सोने देतात, जमिनी देतात, पुजाऱ्याला इनाम देतात. अशोकाने भगवंतांच्या जन्मस्थळी येऊन काय केले, तर शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवले. स्तंभाच्या वरच्या टोकाला, १३१२ साली आलेल्या रिपुमल्ल नावाच्या राजानेही आपले नाव कोरून ठेवले आहे, पण गावकऱ्यांसाठी काही केल्याचे त्यात नाही.

बाकी लुंबिनी मोठी आहे. १९६७ साली संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट इथे आले, दुरवस्था पाहून त्यांना वाईट वाटले, आणि त्यातून जपानचे वास्तुशिल्पी केन्झो तांगे यांचा आराखडा तयार झाला. मध्ये कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी. म्यानमार, थायलंड, कोरिया, चीन, जर्मनी, एकेकाचा थाट बघत दिवस जातो. १९९७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. पायांना त्रास असणाऱ्यांनी ई-रिक्षा करावी, भाडे आधी ठरवावे.

आता कपिलवस्तूची हकीकत. आमच्या सहलीच्या छापील पत्रकात 'कपिलवस्तू दर्शन' असे ठळक लिहिले होते. प्रत्यक्ष दिवशी व्यवस्थापक म्हणाला, "तिथं पाहण्यासारखं काही नाही, नुसत्या विटा आहेत, त्याऐवजी बाजारात जाऊ." सहल कंपनीचे नाव आम्ही घेणार नाही. पण बाजाराला आणि इतर देवळांना वेळ होता, सिद्धार्थ गौतमाच्या घराला नव्हता, एवढे सांगतो. थोडी वादावादी झाली. शेवटी २३ जणांनी वर्गणी काढून जीपगाड्या ठरवल्या. लुंबिनीपासून तिलौराकोट सुमारे २७ किलोमीटर, तौलिहवा गावाच्या पलीकडे.

आणि खरोखरच तिथे विटा आहेत! विटांची तटबंदी, खंदक, पश्चिमेचा दरवाजा, पूर्वेचा दरवाजा, मोठमोठी झाडे आणि शांतता. झाडाखाली समयमाईचे छोटे ठाणे आहे, गावकरी तिथे नवसाचे मातीचे हत्ती वाहतात. १८९९ साली पी. सी. मुखर्जी यांनी इथे पाहणी केली, पुढे देबला मित्रा यांनी, जपानच्या रिश्शो विद्यापीठाने खोदकाम केले. हेच कपिलवस्तू की भारताच्या हद्दीतले पिपरहवा, यावर विद्वानांचा वाद आहे. पिपरहवाला १८९८ साली स्तूपातून अस्थी आणि रत्ने निघाली. त्यांतली काही रत्ने परदेशात एका कुटुंबाकडे होती. २०२५ सालच्या मे महिन्यात त्यांचा हाँगकाँगला लिलाव व्हायचा होता, भारत सरकारने हरकत घेतली, आणि जुलैमध्ये ती भारतात परत आली. ही बातमी आपण वाचली असेल. भगवंतांच्या अस्थींबरोबर ठेवलेल्या वस्तूंची बोली लागणार होती, याचा विचार घरी जाऊन करा.

पूर्व दरवाजाशी तिथला वाटाड्या सांगू लागला की इथून राजपुत्र बाहेर पडला, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून त्याला वैराग्य आले. आमच्यातली एक सून, महिला मंडळाच्या वाचनवर्गात नियमित येणारी, पदर सावरून म्हणाली, "दादा, आमच्या ग्रंथात तसं नाही." वाटाड्या चकित! मग तिने त्याला मराठी-हिंदीची खिचडी करून समजावले, की बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात विचारले आहे, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा पाहिलाच नाही हे कसे पटावे? खरे कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. शाक्य आणि कोलीय या दोन गणांत पाण्यावरून लढाई ठरली, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि आपल्या माणसांना त्रास नको म्हणून त्याने स्वतः घर सोडणे पत्करले. वाटाड्या शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, रोहिणी अजून आहे, पाण्यावरून भांडणे पण अजून आहेत. ती नदी आजही तराईतून वाहत गोरखपूरकडे येते. जे नऊ जण हॉटेलात राहिले, ते आजवर आम्हांला त्याबद्दल बोलतात.

तिसऱ्या दिवशी काठमांडूला निघालो आणि मग डोंगर आले. इतके आले, की नको म्हणायची पाळी आली. रस्ता वळणावळणाचा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली त्रिशूली नदी. बायकांनी बुद्धवंदना सुरू केली ती घाट संपेपर्यंत चालू होती. पावसाळ्यात या रस्त्याने मुळीच जाऊ नये. जुलै २०२४ मध्ये याच त्रिशूलीत दरड कोसळून दोन बसगाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. हिवाळ्यातच जावे.

काठमांडूत स्वयंभूचा स्तूप टेकडीवर आहे, ३६५ पायऱ्या. चारही बाजूंना डोळे रंगवलेले, आणि नाकाच्या जागी आपल्या 'एक' या आकड्यासारखी खूण. माकडे पिशव्या ओढतात, सावध राहावे. २०१५ सालच्या २५ एप्रिलच्या भूकंपात त्या आवारातले अनंतपूर नावाचे शिखर कोसळले. बौद्धनाथचा मोठा स्तूपही त्या भूकंपात तडकला. परंतु नोव्हेंबर २०१६ पर्यंत तो पुन्हा उभा राहिला, तोही बौद्ध लोकांच्या देणग्यांतून आणि श्रमदानातून. आपल्या विहाराच्या स्लॅबसाठी आपण किती वर्षे वर्गणी गोळा करतोय, हे त्या वेळी आमच्या कोषाध्यक्षांना आठवल्यावाचून राहिले नाही.

आता जे सांगणार आहोत ते सांगावे की नाही, यावर आमच्यात चर्चा झाली. सांगावे असे ठरले.

काठमांडूला लागूनच पाटण, म्हणजे ललितपूर हे शहर आहे. तिथे गल्लोगल्ली 'बहाल' आहेत. बहाल म्हणजे विहारच. मध्ये चौक, चौकात चैत्य, भोवती घरे. त्यांतला हिरण्यवर्ण महाविहार फार प्रसिद्ध. सोन्याचा मुलामा दिलेले छप्पर, कोरीव तोरणे, चौकात फिरणारी कासवे. सोन्याच्या शाईने लिहिलेली प्रज्ञापारमितेची पोथी तिथे अजून वाचली जाते. पाहून डोळे निवतात. आत जाताना सूचना आहे, की चामड्याची वस्तू आत न्यायची नाही. चप्पल तर आपण सगळीकडे काढतोच. पण पट्टा, पाकीटसुद्धा नाही.

आमच्याबरोबर एक काका होते, वय ७४. त्यांनी पट्ट्याला हात लावला आणि थांबले. म्हणाले, "माझा बाप गावात मेलेली ढोरं ओढायचा. चामड्याच्या हाताला विटाळ म्हणून आम्हांला देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते. ते सोडून आम्ही बुद्धाकडे आलो. आता बुद्धाच्याच दारात पट्टा काढू?" आणि ते बाहेर ओट्यावर बसले. काही जण त्यांच्याबरोबर बसले. काही म्हणाले, अहो काका, प्राण्याच्या हत्येचा निषेध म्हणून असेल, जातीचा काय संबंध. काही जण आत गेले. आमचे एकमत झाले नाही, आणि आजही नाही.

आत गेलेल्यांना पुढचेही कळले. त्या बहालाचा संघ शाक्य आणि वज्राचार्य या दोन कुळांचाच. बापाकडून मुलाकडे येणारा. लहान मुलाचे डोके भादरून त्याला भिक्षू करतात, चौथ्या दिवशी चीवर उतरवून तो गृहस्थ होतो, आणि मग आयुष्यभर त्या विहाराचा सभासद राहतो. दुसऱ्या कुळातल्याला ते दार नाही. चौदाव्या शतकात जयस्थिती मल्ल राजाने जातींची उतरंड बसवली असे तिथला इतिहास सांगतो, आणि १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने तर शिवाशिव लेखी करून टाकली. आजच्या नेपाळात २०११ च्या कायद्याने अस्पृश्यता गुन्हा आहे. पण कायदा आणि ओटा यांत अंतर असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आम्ही असे बाहेर-आत करीत असताना तिथलाच एक तरुण काकांजवळ येऊन बसला. तांब्याच्या मूर्ती घडवणारा कारागीर, शाक्य कुळातला. त्याने विचारले, आपण कुठून आलात? काकांनी सांगितले, महाराष्ट्रातून, बाबासाहेबांची माणसे. काकांनी पट्ट्याची गोष्टही सांगितली, आडपडदा न ठेवता. तो तरुण खाली मान घालून ऐकत राहिला. म्हणाला, "हे प्रश्न आम्ही पण घरात विचारतो, वडीलधारे गप्प करतात." मग उठला आणि म्हणाला, माझ्याबरोबर चला.

दोन गल्ल्या ओलांडून त्याने आम्हांला एका साध्या थेरवादी विहारात नेले. इथे कुळ विचारत नाहीत, म्हणाला. संध्याकाळची वेळ, नेवार उपासिका वंदनेला बसल्या होत्या. आम्हीही मागे बसलो. 'नमो तस्स' सुरू झाले आणि त्यांचा-आमचा आवाज एक झाला. उच्चार जरा वेगळे, पण एकही शब्द अडला नाही. ज्यांची भाषा आम्हांला कळत नव्हती त्यांच्याबरोबर आम्ही सबंध पंचशील म्हटले.

वंदना झाल्यावर काका भिंतीवरचे फोटो पाहत होते. एकदम मोठ्याने म्हणाले, "अरे, हे तर आपल्या दीक्षेचे भन्ते!" तो फोटो कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थवीरांचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे तेच. तिथल्या भन्तेजींनी आम्हांला समजावून सांगितले, की अमृतानंद यांच्यासारख्या नेपाळी तरुणांनी याच चंद्रमणी महास्थवीरांच्या हातून कुशीनगरला प्रव्रज्या घेतली आणि राणांच्या राजवटीत नेपाळमध्ये धम्म सांगायला सुरुवात केली. १९४४ साली जुद्धशमशेर राणाने भिक्षूंना फर्मावले, की उपदेश करणार नाही असे लिहून द्या. त्यांनी लिहून दिले नाही. ऐन वर्षावासात आठ भिक्षूंना देशाबाहेर काढले. धम्मचारी गुरुमाँ या अनागारिकेलाही काठमांडूतून घालवून दिले. पुढे स्वयंभूजवळ किंडोलला याच बाईंनी विहार बांधला, हे आपल्या महिला मंडळाने लक्षात ठेवावे. हद्दपार भिक्षूंनी सारनाथला धर्मोदय सभा काढली, १९४६ साली ते परत आले.

आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला जी चौथी जागतिक बौद्ध परिषद भरली, तिचे यजमानपण याच धर्मोदय सभेकडे होते. त्याच परिषदेला बाबासाहेब आले. प्रकृती किती खालावलेली होती, हे आपण वाचले आहे. २० नोव्हेंबरला त्यांनी 'बुद्ध आणि कार्ल मार्क्स' या विषयावर भाषण केले, दोघांचे साध्य जवळचे असले तरी साधने वेगळी कशी, ते जगभरच्या प्रतिनिधींना समजावून सांगितले. तिथूनच ते लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर असे करत दिल्लीला परतले. भाषणानंतर सोळाव्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या घाटातून आम्ही पोटात गोळा घेऊन आलो त्या डोंगरी मुलखात, गुडघ्यांचे दुखणे घेऊन, बाबासाहेब गेले होते. ते ऐकताना काका खाली बसले आणि पंचाने डोळे पुसू लागले. त्यांना कुणी काही विचारले नाही.

निघताना त्या कारागीर तरुणाने एक बोटभर उंचीची भूमिस्पर्श मुद्रेतली मूर्ती काकांना दिली. पैसे घेईना. काकांनी हट्टाने शंभर रुपये त्याच्या खिशात कोंबले. तीच मूर्ती आज आपल्या विहाराच्या कपाटात मधल्या फळीवर ठेवली आहे, कार्यक्रमानंतर सर्वांनी पाहावी. काकांनी ती घरी न ठेवता इथे दिली.

आता थोडे व्यवहाराचे. पुढची तुकडी येत्या माघ पौर्णिमेनंतर नेण्याचा विचार आहे. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ असावा, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नये. आपल्या शंभर रुपयांचे तिकडे १६० नेपाळी रुपये होतात, शंभरच्या नोटा जास्त न्याव्यात. जेवण डाळ-भात-भाजीचे, पोटाला सोसते. कंपनी कोणतीही असो, कपिलवस्तूचा दिवस लेखी घ्यावा. विमानातून हिमशिखरे दाखवतात, ती हौस ज्याची त्याने करावी. आम्हांला एका सकाळी स्वयंभूच्या पायऱ्यांवरून धुके फाटल्यावर फुकट दिसली. ब्राह्मीचा वर्ग पुन्हा सुरू होत आहे, दर रविवारी सकाळी नऊ वाजता. या वेळी मोठ्यांनाही बसता येईल, आम्ही नाव घातले आहे. आणि ज्या आज्यांना एकरकमी पैसे जमत नाहीत त्यांच्यासाठी महिला मंडळाने भिशी काढली आहे, महिना पाचशे रुपये. १४ नावे आली आहेत. गुडघे चालतात तोवर नावे द्या. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे.



नमो बुद्धाय. जयभीम.